घसारा न लागणाऱ्या दोन गाड्या

बँकेच्या कर्जविभागात मी जेवढी वर्षे काढली, तेवढी वर्षे मोटारगाडी ही वस्तू माझ्या लेखी एक उतरती रक्कम होती. दुकानातून बाहेर पडली की तिची किंमत घटते, पहिल्या पावसाळ्यानंतर आणखी घटते, आणि कर्जदाराने हप्ते थकवले की जप्त करून आणलेली गाडी बँकेच्या आवारात उन्हातान्हात उभी राहून उरलीसुरली किंमतही गमावून बसते. आयकराच्या नियमांनी मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा धरलेला आहे, आणि अनुभवाने तो मला कमीच वाटत आला. सोने, जमीन, मुदतठेवीची पावती ही खरी तारणे. मोटार म्हणजे कर्ज फिटेपर्यंत कशीबशी तग धरणारी वस्तू, अशी माझी धारणा होती.

निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळू लागला, तेव्हा या धारणेला छेद देणाऱ्या दोन गाड्यांची माहिती वाचनात आली. एक इटलीची, १९६२ सालची, फेरारी २५० जीटीओ. दुसरी इंग्लंडची, १९९२ साली जगापुढे आलेली, मॅकलारेन एफ-वन. पहिली अमेरिकेत नवी असताना सुमारे १८ हजार डॉलरला मिळत असे, म्हणजे त्या वेळच्या दराने ८६ हजार रुपयांच्या आसपास. त्यांतीलच एक गाडी २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. मी कागद-पेन्सिल घेऊन चक्रवाढीचे गणित मांडले. छप्पन्न वर्षांत पडलेला दर निघाला वर्षाला सुमारे १५ टक्के. घसाऱ्याचाच आकडा, फक्त उलट दिशेने! त्या दिवसापासून या दोन गाड्यांनी माझ्या डोक्यात घर केले ते केलेच.

माझा भाचा पुण्याजवळ मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे. तो मॅकलारेनचा कट्टर पक्षपाती. "मामा, फेरारी सुंदर आहे, पण ती अंदाजाने केलेली गाडी आहे, मॅकलारेन गणिताने केलेली आहे," असे त्याचे म्हणणे. मी गणिताच्या बाजूचा माणूस असूनही त्याच्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. त्याची कारणे पुढे येतीलच.

आधी फेरारीविषयी. जीटीओ या तीन अक्षरांतील शेवटचे अक्षर 'ओमोलोगातो' या इटालियन शब्दाचे, म्हणजे मान्यता मिळालेली. त्या काळी ग्रँड टूरिंग वर्गाच्या शर्यतीत गाडी उतरवायची तर त्या नमुन्याच्या १०० गाड्या तयार झाल्या पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम होता. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात जीटीओ बनवल्या अवघ्या ३६. मग मान्यता मिळाली कशी? कागदोपत्री ही नवी गाडी नव्हतीच. आधीच्या, पुरेशा संख्येने तयार झालेल्या २५० जीटी बर्लिनेता या गाडीची ती केवळ सुधारित आवृत्ती आहे, अशी नोंद झाली होती. यावर एक दंतकथाही जोडली गेली आहे. तपासनीस आले की त्याच त्या गाड्या एका जागेहून दुसऱ्या जागी नेऊन पुन्हा मोजायला लावत, अशी. ती खरी मानायचे कारण नाही, पण वाचताना मला हसू आले. गोदाम तपासणीला गेलेल्या प्रत्येक बँक अधिकाऱ्याला ही कथा ठाऊक आहे. सकाळी एका गोदामात मोजलेली हळदीची पोती दुपारी दुसऱ्या गोदामात आपल्याकडे ओळखीचे हसतात. म्हणून आम्ही पोत्यावर खडूने खूण करायला शिकलो.

या गाडीचा जन्मही सुखासुखी झालेला नाही. तिची आखणी करणारा अभियंता जोत्तो बिझ्झारिनी. १९६१ च्या अखेरीस मालक एन्झो फेरारी यांच्याशी बिनसल्याने अनेक प्रमुख अधिकारी एकदम बाहेर पडले, त्यांत बिझ्झारिनीही होते. काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्याची जबाबदारी आली माउरो फोर्गिएरी नावाच्या २६ वर्षांच्या तरुणावर. बाहेरचे रूप घडवले मोदेना येथील सर्जिओ स्काल्येत्ती यांच्या कार्यशाळेने. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कारागिरांनी हातोडीने ठोकून ठोकून त्याला वळण दिले. त्यामुळे छत्तीसांतील कोणत्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत. २०१९ साली बोलोन्याच्या न्यायालयाने हे रूप कलाकृती आहे असे मानून त्याची नक्कल करण्यास मनाई केली. पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांना आयुष्यात असा मान क्वचितच मिळतो. यांना तो मिळाला, पण साठ वर्षे उशिरा.

आत तीन लिटरचे, बारा सिलिंडरचे इंजिन, ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती, वर सहा जोड-कार्ब्युरेटर. नावातील २५० हा आकडा एका सिलिंडरच्या घनफळाचा, गोळाबेरजेने. १९६२ च्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जीटीओ एकंदर क्रमवारीत दुसऱ्या व तिसऱ्या आल्या, आणि आपल्या वर्गाचे जागतिक अजिंक्यपद फेरारीने ओळीने तीन वर्षे जिंकले.

यापुढचा भाग आकडेमोडीच्या वहीत दिसत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शर्यतीची गाडी जुनी झाली की तिला कोणी विचारत नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस जीटीओ म्हणजे एक जुनी, गोंगाट करणारी, आत उकडणारी गाडी उरली होती. छत्तीसांपैकी एक तर अमेरिकेत टेक्सासमधील एका शाळेला देणगी म्हणून मिळाली; मुलांनी तिच्यावर मोटारदुरुस्ती शिकावी म्हणून. १९७२ साली शाळेने ती साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली, आणि नव्या मालकाने ती ओहायोत उघड्या ट्रेलरवर, ऊन-पाऊस-बर्फात, वर्षानुवर्षे ठेवून दिली. नंतर शोधणारे शोधत आले. म्हणजे माझा तो वार्षिक १५ टक्के दर ही सरासरीची फसवी बेरीज आहे. पहिली दहा वर्षे गाडीला आमच्या नियमाप्रमाणे घसाराच लागला होता. पुढे १९८९ च्या सुमारास भाव एक कोटी डॉलरच्या वर उसळला आणि दोन-तीन वर्षांत फुगा फुटून पार खाली आला. त्या शिखरावर कर्ज काढून घेणाऱ्याचे काय झाले असेल, याचा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

आता इंग्लंडच्या गाडीकडे. या दोघींची कुंडली एका ठिकाणी जुळते, ते ठिकाण म्हणजे इटलीतील मोंझा. १९८८ च्या फॉर्म्युला वन मोसमात मॅकलारेन संघाने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. हरली ती एकच, ११ सप्टेंबरची मोंझाची. १४ ऑगस्टला एन्झो फेरारी वारले होते, आणि महिना उलटायच्या आत त्यांच्याच देशात, त्यांच्याच लोकांसमोर फेरारीच्या दोन गाड्या पहिल्या व दुसऱ्या आल्या. मॅकलारेनची मंडळी घरी परतण्यासाठी मिलानच्या लिनाते विमानतळावर आली. विमानाला उशीर होता. त्या रिकाम्या वेळात संघाचे प्रमुख रॉन डेनिस, अभियंता गॉर्डन मरे आणि दोन सहकारी बोलत बसले, आणि रस्त्यावर चालणारी, जगात आजवर झाली नाही अशी एक गाडी आपण करावी, हा विषय तिथे पक्का झाला. मोसमातला एकमेव पराभव पदरी घेऊन बसलेली माणसे ही!

गॉर्डन मरे यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतील दरबानचा. चालक मधोमध आणि दोन प्रवासी त्याच्या किंचित मागे, दोन बाजूंना, अशी तीन आसनांची गाडी त्यांच्या मनात विद्यार्थिदशेपासून होती. वजनाच्या बाबतीत हा गृहस्थ आमच्या जुन्या शाखाधिकाऱ्यांसारखा होता, एका पैशाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवणारा. प्रत्येक भागाचे ग्रॅम मोजले गेले. सांगाडा कार्बन फायबरचा, रस्त्यावरच्या गाडीत असा सांगाडा पहिल्यांदाच आला. गाडीतील संगीताचे यंत्रसुद्धा खास हलके बनवून घेतले. पॉवर स्टीअरिंग नाही, ब्रेकला सहाय्य करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. इंजिन सहा लिटरचे, हेही बारा सिलिंडरचे, बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांनी बनवलेले. ताकद सहाशे अश्वशक्तीहून अधिक, आणि गाडीचे वजन साधारण ११४० किलो. इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा वर्ख लावला आहे. मिरवण्यासाठी नव्हे, उष्णता परतवण्यात सोन्याची बरोबरी करणारे फारसे काही नाही म्हणून. सोन्याचा इतका विनाडौल उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

१९९८ च्या मार्चमध्ये जर्मनीतील चाचणीमार्गावर या गाडीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग नोंदवला. पुढे कित्येक वर्षे तो विक्रम टिकला. शर्यतीसाठी ती केलेलीच नव्हती. पण काही गिऱ्हाइकांनी आग्रह धरला, म्हणून शर्यतीच्या गाड्या तयार झाल्या आणि १९९५ साली, पावसात, मॅकलारेन ल मान्सला पहिली आली. तिसरा, चौथा आणि पाचवा क्रमांकही मॅकलारेनचाच.

एवढे असूनही धंद्याच्या दृष्टीने ती यशस्वी झाली नाही. किंमत करांखेरीज ५ लाख ४० हजार पौंड, आणि बाजारात आली ती मंदीच्या दिवसांत. सुमारे ३०० विकण्याचा मानस होता. शर्यतीच्या व चाचणीच्या धरून निघाल्या १०६, त्यांत रस्त्यावरच्या ६४. म्हणजे फेरारी कमी बनवल्या, कारण तेवढ्याच हव्या होत्या. मॅकलारेन कमी बनल्या, कारण गिऱ्हाईक मिळाले नाही. आज दोन्हींच्या दुर्मिळपणाला सारखाच भाव आहे. टंचाई कशामुळे झाली, हे बाजार विचारत नाही.

पण बाजार आणखी एक गोष्ट विचारतो, आणि तिथे या दोन गाड्यांचे मार्ग वेगळे होतात. जीटीओ विकायला निघते तेव्हा तिचा चेसिस क्रमांक घेऊन जाणकार तिचा इतिहास उकलतात. कोणत्या शर्यतीत धावली, कोणी चालवली, कुठे आपटली, पत्रा कधी बदलला, मूळ इंजिन तेच आहे का. जमिनीचा तीस वर्षांचा शोध घेणाऱ्या वकिलाची आठवण यावी असे हे काम. वर सांगितलेली २०१८ ची गाडी १९६२ साली इटलीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारी होती. म्हणून तिला तेवढा भाव आला. थोडक्यात, जीटीओ जितकी जगली तितकी महाग.

मॅकलारेनचे उलट झाले आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातच एक मॅकलारेन २ कोटी ४ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. तिचे वैशिष्ट्य काय? पंचवीसहून अधिक वर्षांत ती चालली होती फक्त ३९० किलोमीटर. आमच्या सांगलीहून एकदा मुंबईला जाऊन पोहोचावे, एवढेच अंतर. ताशी ३८६ किलोमीटर धावू शकणाऱ्या जातीची गाडी जन्मभरात तासभर धावेल एवढीच धावली, आणि त्याबद्दलच तिला बक्षीस मिळाले.

हे वाचले तेव्हा मला शाखेतील लॉकरची खोली आठवली. बरीच वर्षे त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. एक वृद्ध बाई दर वर्षी दिवाळीआधी येत. मी माझी किल्ली फिरवून बाहेर येऊन बसायचो. त्यांना पंधरा-वीस मिनिटे लागत. काही ठेवायला किंवा न्यायला त्या येत नसत. एकदा दार ओढून घ्यायला त्या विसरल्या, तेव्हा ओझरते दिसले: पाटल्या आणि तोडे हातांत घालून त्या भिंतीशी उभ्या होत्या, हात पुढे धरून, नुसत्या पाहत. मग सारे पुन्हा मखमली पिशवीत गेले. रजिस्टरवर सही करताना त्यांनी मला विचारले, "साहेब, भाव काय चाललाय हो?" मी भाव सांगितला. त्या समाधानाने गेल्या. त्या दागिन्यांचा भाव दर वर्षी वाढतच होता. त्यांचे वय मात्र ऐंशीच्या पुढे गेले होते.

या बाबतीत मला एका नटाचे कौतुक वाटते. आपली नातवंडे ज्याला मिस्टर बीन म्हणून ओळखतात, त्या रोवन ॲटकिन्सन यांनी १९९७ साली मॅकलारेन घेतली आणि ती खरोखरच वापरली. सुमारे ६६ हजार किलोमीटर. तिला दोनदा अपघात झाला. २०११ चा दुसरा अपघात इतका मोठा होता की दुरुस्तीचा खर्च आला ९ लाख १० हजार पौंड, गाडीच्या मूळ किमतीहून अधिक, आणि तो विमा कंपनीने दिला. सर्वसाधारण हिशेबात अशी गाडी विमा कंपनी भंगारात काढते. पण तोवर तिचा बाजारभाव इतका वाढला होता की दुरुस्तीच स्वस्त ठरली. २०१५ साली ती ८० लाख पौंडांना विकली गेली. तिचा वार्षिक दर मी काढून पाहिला. तोही १५ टक्क्यांच्या आसपासच! दोनदा ठोकलेल्या गाडीचा.

दुरुस्तीचा विषय निघाला की मी भाच्याशी भांडतो. माझे थोरले बंधू, आमचे दादा, यांचे सांगलीत गॅरेज होते. फियाट आणि ॲम्बॅसिडर. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ते आत काय बिघडले आहे ते ऐकत. कार्ब्युरेटर जुळवताना डोळे मिटून घेत. आज दादा नाहीत, पण माझी खात्री आहे की जीटीओच्या सहा कार्ब्युरेटरांसमोर त्यांना उभे केले असते, तर दोन दिवस चहा पीत नुसते पाहिले असते आणि तिसऱ्या दिवशी हात घातला असता. पत्रा फाटला तर पत्रा ठोकणारा माणूस मिळतो, सुटा भाग मोडला तर घडवणारा मिळतो. साठ वर्षांपूर्वीच्या त्या गाडीचे सारे ज्ञान माणसाच्या हातात आणि कानात आहे. एका हातातून दुसऱ्या हातात ते देता येते, घेणारा असेल तर.

मॅकलारेनचे तसे नाही. तिच्या इंजिनाचे मन वाचायला नव्वदीच्या दशकातला एक ठरावीक कॉम्पॅक संगणक लागत असे. त्यातील खास कार्डाशिवाय गाडी बोलत नसे. एके काळी जगात सर्वांत वेगवान असलेली ही गाडी चालू ठेवण्यासाठी कंपनीची माणसे भंगाराच्या भावाचे ते जुने संगणक जपून ठेवत असल्याची बातमी २०१६ च्या सुमारास गाजली होती. शिवाय गाडी नुसती उभी असली तरी तिची इंधनाची टाकी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते, आणि त्यासाठी अख्खे इंजिन उतरवावे लागते. तिजोरीत ठेवून खर्च वाचतो, हाही भ्रमच. भाचा म्हणतो, "मामा, नवा संगणक जोडता येतो, त्यात काय मोठेसे?" येत असेल. पण तो जोडणारा मूळ गाडीशी बोलत नाही, कंपनीशी बोलतो. दादांना कोणाची परवानगी लागत नव्हती.

एवढ्यावरून मी मॅकलारेनला कमी लेखतो असे कोणी समजू नये. वस्तू म्हणून ती अधिक प्रामाणिक आहे, हे मला मान्य आहे. एकाच माणसाने शेवटच्या ग्रॅमपर्यंत विचार केलेली वस्तू जगात फार थोडी असते. तिच्या नशिबी तिजोरी आली, यात मरे यांचा दोष नाही; त्यांनी ती चालवण्यासाठीच केली होती.

कर्जप्रकरण म्हणून माझ्या टेबलावर दोन्ही आल्या असत्या तर? हा प्रश्न वाटतो तितका काल्पनिक नाही. पिंक फ्लॉइड या इंग्रजी वाद्यवृंदाचे तालवादक निक मेसन यांनी सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात चाळीस हजार पौंडांच्या आत एक जीटीओ घेतली; १९६२ च्या ल मान्सला तिसरी आलेली तीच. १९८७ साली वाद्यवृंद पुन्हा उभा करून दौऱ्यावर निघायचे होते आणि पैसा कमी पडत होता, तेव्हा त्यांनी ही गाडी तारण ठेवली. दौरा चालला, गाडी सुटली. ती आजही त्यांच्याकडे आहे, आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतींत ते ती पळवत आले आहेत. त्यांच्याकडे शर्यतीची एक मॅकलारेनही आहे. २०१७ च्या मार्चमध्ये गुडवुडच्या मार्गावर, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ती पळवताना त्यांचा ताबा सुटला आणि गाडी आपटली.

आमच्या नजरगहाण करारात एक कलम असे: तारण दिलेली मालमत्ता मी चालू व सुस्थितीत ठेवीन आणि बँकेच्या अधिकाऱ्यास केव्हाही दाखवीन. कर्जदार ते न वाचता सही करत, आणि आम्हीही ते फारसे वाचत नसू. मेसन यांच्या दोन्ही गाड्या या कलमात बसतात, आपटलेली धरून. त्या ३९० किलोमीटरवाल्या गाडीच्या प्रकरणात तपासणीसाठी मी गेलो असतो, तर अहवालात 'सुस्थितीत' असे लिहिले असते. 'चालू' या शब्दापुढे मात्र आधी किल्ली मागितली असती.